चिठ्ठी नको, पोच द्या

फोन रात्रीच येतो. गावाकडचा नंबर असतो. आधी कोणी बोलत नाही, नुसता दवाखान्याच्या व्हरांड्यातला गोंगाट ऐकू येतो. मग कोणीतरी म्हणते, "तू शिकलेली आहेस ना, जरा डॉक्टरशी बोल." घरातली पहिली पदवी आपल्या नावावर लागली त्या दिवसापासून हा फोन आपल्या वाट्याला आला आहे. आपण इतिहासात एम.ए. केले असो की बी.कॉम., गावाच्या लेखी आपण दवाखान्याची भाषा कळणारी माणसे आहोत. हे वाचणाऱ्या बहुतेकांनी असा फोन घेतला असेल, आणि बोलून झाल्यावर आपल्या बोलण्याने नेमके काय झाले, हा प्रश्न स्वतःला विचारलाही असेल.

रुग्णांच्या बाजूने उभे राहणारे केंद्र काढावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते, ते या फोनमुळेच. मलाही वाटले होते. आम्ही पाच जणांनी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असे केंद्र काढले आणि सोळा महिन्यांत ते बंद पडले. हा लेख त्या केंद्राचे शवविच्छेदन आहे. पण तो केवळ आमच्या चुकांची कबुली नाही. आमच्या चुका ज्या समजुतीतून आल्या, ती समजूत आज महाराष्ट्रभर 'रुग्णसेवा' या नावाने मिरवते आहे आणि तिच्याशी माझे भांडण आहे.

वीस मिनिटांत मिळालेली खाट

माझ्या मावसभावाला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना एवढेच सांगते की रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत अशी कळ उठते की धडधाकट पोरगा जमिनीवर गडबडा लोळतो. तो सोळा वर्षांचा होता, मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. थंडीच्या दिवसांत त्याला कळ उठली आणि आम्ही त्याला एका मोठ्या रुग्णालयात नेले. अपघात विभागातल्या डॉक्टरने पाहिले न पाहिल्यासारखे केले. म्हणाले, या पोरांना इंजेक्शनची सवय लागते, नाटक करतात. खाट शिल्लक नाही, सकाळी ओपीडीत आणा.

मावशीने मला पुढे ढकलले. "तू बोल माय, तू शिकली हायेस." मी बोलले. जमेल तेवढ्या चांगल्या इंग्रजीत बोलले. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि मराठीत विचारले, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितले. "हां. म्हणजे तुमच्यातलाच आजार आहे हा." त्यापुढे माझ्या इंग्रजीला काही अर्थ उरला नाही.

तासाभराने पांढरा शर्ट घातलेला एक माणूस आला. छातीवर पक्षाचा बिल्ला. कोणीतरी त्याला 'रुग्णसेवक' म्हणून बोलावले होते. त्याने एक फोन लावला आणि वीस मिनिटांत खाट मिळाली. मग त्याने भावाच्या खाटेशेजारी उभे राहून फोटो काढला. मावशी त्याच्यापुढे हात जोडून उभी होती. दुसऱ्या दिवशी तो फोटो साहेबांच्या नावासह सगळ्या तालुक्यात फिरला. मला मात्र एकच गोष्ट खुपत राहिली. खाट वीस मिनिटांत निर्माण झाली नव्हती. ती आधीपासून तिथेच होती.

चिठ्ठीचा अर्थ मला त्या रात्री कळला. जे आपले असते तेच आधी नाकारायचे आणि मग कोणाच्या तरी शब्दाखातर दान म्हणून द्यायचे. साहेबाची चिठ्ठी चालते, कारण हक्क चालत नाही. आणि साहेबाच्या चिठ्ठीला किंमत राहायची असेल तर हक्क चालू देऊन भागत नाही. चिठ्ठी देणारा आणि खाट नाकारणारा हे एकमेकांचे विरोधक नाहीत, भागीदार आहेत.

ही भागीदारी नवी नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका शाळामास्तराचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. मास्तर अस्पृश्य होते, बाळंतीण बायको आजारी पडली होती. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. दोन रुपये फीसाठी नगरशेठ जामीन राहिला तेव्हा तो आला, तेही रुग्णाला वस्तीबाहेर आणायच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने मास्तरांच्या आणि मास्तरांनी बायकोच्या. ती बाई वाचली नाही. आपण ही गोष्ट विटाळाची म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण त्यात नगरशेठही आहे. शिफारस मिळाली, डॉक्टर आला, फीही ठरली. तरी रुग्णाला हात लागला नाही. शिफारशीने डॉक्टरला दारापर्यंत आणता येते. त्याच्यावर कर्तव्य लादता येत नाही.

सेवाभाव ही पहिली अडचण

असे केंद्र काढायला काय लागते, असे कोणालाही विचारा. उत्तर येते, सेवाभाव. आम्हीही तिथूनच सुरुवात केली. १४ एप्रिलला विहाराशेजारच्या खोलीत फलक लावला, माझा मोबाइल नंबर त्यावर लिहिला आणि तालुक्याला सांगितले की कधीही फोन करा. सावित्रीबाईंचा फोटो लावला. १८९७च्या प्लेगमध्ये त्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेतले आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या, हे भाषणात सांगितले. पण त्यांनी आणि यशवंतरावांनी पुण्याबाहेर दवाखाना उभा केला होता, ही त्या गोष्टीतली महत्त्वाची बाजू आम्ही विसरलो. त्यांच्या नुसत्या त्यागाचा फोटो करायचा आणि त्यांनी उभारलेली संस्था विसरायची, ही सावित्रीबाईंना 'सेवामूर्ती' करून टाकण्याची ब्राह्मणी रीत आहे. आम्ही ती आमच्याच हातांनी गिरवली.

सेवाभावाने काय झाले ते सांगते.

फलकावर एकच नंबर होता आणि तो माझा होता. पहिल्या वर्षी मी नेटच्या परीक्षेला नागपूरला गेले होते. साडेतीन-चार तास मोबाइल बाहेर बॅगेत बंद होता. त्या दिवशी शेजारच्या गावातल्या एका शेतमजुराची तब्येत बिघडली. घरच्यांनी मला अकरा फोन केले. 'ताई बोलल्याशिवाय आत घेत नाहीत' असा त्यांचा अनुभव होता, म्हणून ते रुग्णालयाच्या आवारात माझी वाट पाहत बसले. संध्याकाळी ते वारले. लवकर आत नेले असते तर वाचले असते का, हे मला माहीत नाही. पण ते लोक डॉक्टरची नाही, माझी वाट पाहत होते. मी साहेबाच्या चिठ्ठीच्या विरोधात उभी राहिले आणि सोळा महिन्यांत स्वतःच एक चिठ्ठी झाले होते.

एका चांगल्या माणसाभोवती उभे केलेले केंद्र शेवटी दरबारच होते. माणूस चांगला असला तरी फरक पडत नाही. म्हणून पहिला नियम हा की केंद्राने रुग्णाला आपल्याशिवाय आत जायला शिकवले पाहिजे. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी. १९९६ सालच्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या निकालात, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१चा भंग ठरला. ज्या मजुराला कलकत्त्यातली एकामागून एक सरकारी रुग्णालये 'जागा नाही' म्हणून परत पाठवत राहिली, त्याची ती केस आहे. ही दोन वाक्ये वस्तीतल्या दहा बायकांना तोंडपाठ असतील तर माझा मोबाइल बंद असला तरी चालेल.

फुकट राबणारी पोरे आणि तीनशे रुपये

आमच्यातल्या एका मुलाने खासगी अँब्युलन्सवाल्याकडून पेशंटमागे तीनशे रुपये घ्यायला सुरुवात केली. कळले तेव्हा आम्ही त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतले आणि काढून टाकले. आज मला त्याची लाज कमी आणि आमची जास्त वाटते. त्याचे वडील हमाली करत होते, बी.ए. होऊन तो दोन वर्षे घरी होता आणि आम्ही त्याच्याकडून आठवड्याचे पाच दिवस फुकट काम करून घेत होतो. ज्यांच्या घरी भाडे आणि पेन्शन येते, त्यांना समाजसेवा फुकट परवडते. आपल्या पोरांकडून फुकट राबवून घेणे याला चळवळ म्हणायचे असेल तर वेठबिगार कशाला म्हणायचे?

दलाल कसा तयार होतो, ते मी असे पाहिले. ज्याला रुग्णालयाच्या आतले रस्ते माहीत आहेत, ज्याच्यावर गरजू माणसाचा विश्वास आहे आणि ज्याच्या खिशात काही नाही, असा माणूस आपण तयार करतो आणि मग तो विकला गेला म्हणून नवल करतो. मानधन आधी ठरवा, मग फलक लावा. दोनच माणसांचे मानधन जमत असेल तर दोनच माणसे ठेवा. वस्तीतल्या नोकरदारांकडून महिन्याला शंभर-दोनशे रुपये वर्गणी घ्या, पावती द्या, हिशेब विहाराच्या भिंतीवर लावा. आणि रुग्णाकडून रोख रक्कम हातात घ्यायची नाही, औषधाच्या पैशाचीसुद्धा नाही.

पैसा कोणाचा, हा प्रश्न मोठ्या योजनांनाही विचारला पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हापासून ही व्यवस्था आहे. त्यातली पुष्कळ मुले आपलीच आहेत आणि मनापासून काम करतात, हे मी पाहिले आहे. पण त्याची खुर्ची रुग्णालयात आहे, नेमणूक योजना चालवणाऱ्या यंत्रणेची आहे. रुग्णालय 'या आजाराला पॅकेज नाही' असे खोटे सांगते तेव्हा तो कोणाच्या बाजूने उभा राहील? वैयक्तिक चांगुलपणावर हे सोडता येत नाही. तेच औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णसंघटनांचे. ज्या कंपनीचे औषध महाग आहे तिच्याच पैशाने भरवलेल्या मेळाव्यात औषधाच्या किमतीवर कोण बोलणार? २०१९ साली क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी लांबवणाऱ्या पेटंट अर्जाला हरकत घेतली. उपचारांच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. कंपनीने दिलेल्या बॅगा खांद्याला लावून हे झाले नसते.

भांडण कोणाशी

आमच्या केंद्रावरची सगळ्यात मोठी नामुष्की ही. एका बाळंतिणीला ताटकळत ठेवले म्हणून आमची चार मुले वॉर्डात शिरली. आरडाओरडा झाला, एक काच फुटली. महाराष्ट्रात डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध २०१०चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. चारही मुलांवर गुन्हा दाखल झाला. त्यातला एक पोलीस भरतीची तयारी करत होता. त्याची भरती तिथेच संपली.

आणि मुले ओरडली कोणावर? जिने बाळंतिणीला थांबवले होते ती डॉक्टर तिथे नव्हतीच. समोर होती कंत्राटावर सफाई करणारी बाई, आमच्याच वस्तीतली, जिला आठ महिने पूर्ण पगार मिळाला नव्हता. रुग्णालय ही जातीची उतरंड आहे. वर कोण बसतो आणि रक्त-मलमूत्र कोण पुसतो, हे पाहायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. त्या उतरंडीत रागाची पहिली ठिणगी नेहमी खालच्या पायरीवर पडते, कारण वरची पायरी दारामागे असते. सिस्टर, मामा, मावशी यांच्याशी भांडून रुग्णाचा हक्क मिळत नाही, उलट वॉर्डातले आपले एकमेव साक्षीदार आपण गमावतो. उतरंडीच्या वरच्या पायरीवर पोचलेल्या आपल्या माणसांचीही काय गत होते, ते डॉ. पायल तडवींच्या प्रकरणाने सांगितले. मे २०१९मध्ये मुंबईत त्या आदिवासी निवासी डॉक्टरने जीव दिला आणि वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाचे आरोप झाले. जिथे अॅप्रन घातलेल्या मुलीला जात सोडत नाही, तिथे लुगडे नेसलेल्या रुग्णाला ती सोडेल, असे मानून केंद्र चालवणे हा भोळेपणा आहे.

म्हणून ओरडायचे नाही, लिहायचे. आमच्या केंद्रात सोळा महिन्यांत ३४० नोंदी झाल्या आणि लेखी तक्रारी फक्त नऊ. त्या नऊपैकी पोच असलेल्या दोन. बाकी सगळे आम्ही बोलून मिटवले, आणि बोलून मिटवलेल्या गोष्टीचा दुसऱ्या दिवशी काहीही पुरावा उरत नाही. तक्रार दोन प्रतींत लिहा, आवक विभागात द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. ती पोच म्हणजे कागदावर आलेले तुमचे नागरिकत्व. चिठ्ठी वरून खाली येते. तक्रार खालून वर जाते आणि पोच तिचा वर पोचल्याचा पुरावा देते.

लिहायला आधार कमी नाहीत. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशाने ठरलेली योजना आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. ही मेहेरबानी नाही, ट्रस्ट म्हणून घेतलेल्या सवलतींची परतफेड आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली, केंद्राने २०१९ साली ती राज्यांना पाठवली. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. तुमच्या गावातल्या किती दवाखान्यांत ती लावलेली आहे, ते उद्या जाऊन पाहा. केंद्राचे पहिले काम तिथेच सापडेल.

जात लिहायची की नाही

आम्ही रजिस्टरमध्ये जात लिहिली नाही. 'सगळे पेशंट सारखे' असे आम्हीच म्हणालो, आंबेडकरवादी पोरांनी. मग वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गेलो की अमुक वस्त्यांतल्या बाळंतिणींना नेहमी शेवटी घेतात, तेव्हा त्यांनी विचारले, पुरावा? आमच्याकडे नावे होती, तारखा होत्या, पण जात नव्हती. जो भेदभाव आम्ही सांगत होतो तो आमच्याच कागदावर दिसत नव्हता. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने रुग्णालय, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र यांत जायला अटकाव करणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिला गेला, आणि जानेवारी २०१६पासून तो लागू आहे. पण जिथे नोंदच नाही तिथे कलम काय करणार?

याची दुसरी बाजूही मी पाहिली. आमच्या एका कार्यकर्त्याने रक्तदाते हवेत म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका मुलीचे नाव, गाव आणि 'सिकलसेल एसएस' असे टाकले. रक्त मिळाले. दोन महिन्यांनी तिचे ठरलेले लग्न मोडले. तिने मला फक्त एवढेच विचारले, "ताई, नाव लिहायची काय गरज होती?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

तर जात लिहायची, पण रुग्णाला विचारून, कशासाठी ते सांगून. नाव असलेले रजिस्टर कुलपात आणि जात-वस्ती-विलंब यांची मोजदाद वेगळ्या वहीत, नावाशिवाय. आजार कोणाचाही ग्रुपवर जाणार नाही. फोटो तर नाहीच नाही.

सिकलसेलच्या बाबतीत हे जास्तच लागू पडते, कारण इथे आजारालाच जात चिकटवली आहे. 'तुमच्यातला आजार' हे त्या डॉक्टरांचे वाक्य मी एकट्याने ऐकलेले नाही. विदर्भातल्या गोंड, माडिया, पूर्वाश्रमीच्या महार वस्त्यांत तो जास्त दिसतो हे खरे, पण इतर जातींतही तो आहे. ज्या भागात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे एकच सदोष जनुक असलेल्यांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळाले आणि तो जनुक टिकला. रक्त कोणाचे हलके नव्हते. मग तो काही समाजांतच का साचून राहिला? बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात जातीचा गाभा म्हणून ज्या जातीअंतर्गत विवाहाकडे बोट दाखवले, ते उत्तराचा मोठा भाग आहे. लग्नाच्या भिंती ज्यांनी उभारल्या, तेच आज त्या भिंतीआड साचलेल्या आजाराला 'तुमच्यातला' म्हणतात. आता २०२३पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, २०४७चे उद्दिष्ट आहे, तपासण्या होत आहेत, कार्डे वाटली जात आहेत. तपासणी हवीच. पण निर्मूलन आजाराचे करायचे आहे, आजारी मुलीच्या लग्नाचे नाही. आणि जे आज कळांनी तळमळत आहेत त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी हायड्रॉक्सीयुरिया आणि वेळेवर वेदनाशामक मिळते का, हे विचारणारे कोणीतरी हवे.

रुग्ण कुठे बसतो

आमच्या केंद्राच्या समितीत पाच जण होतो. सगळे पदवीधर, सगळे निरोगी. रुग्ण यायचे ते बाकावर बसायचे. आम्ही खुर्चीवर. एवढेच वाक्य पुरेसे आहे, पण ते कळायला मला पीएच.डी.चे पहिले वर्ष लागले.

मावसभावाला मी त्या काळात तीन कार्यक्रमांत 'अनुभव सांगायला' नेले. त्याने सांगितला, लोक रडले. नंतर त्याने विचारले, "ताई, मी फक्त दुखतं हे सांगायला येऊ का? काय करायचं ते मला कोणी विचारत नाही." त्याला काय करायचे ते ठाऊक होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्र मिळू शकते, ठरलेल्या टक्केवारीपुढे उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांचा दावा करता येतो, पण त्याच कायद्यातल्या नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागाच दिलेली नाही, हे सगळे त्याने आमच्याआधी वाचून काढले होते. आम्ही त्याला फक्त वेदना मागितली. सवर्ण स्वयंसेवी संस्था आपल्याकडून हेच मागतात आणि आपण त्यांच्यावर लेख लिहितो. विद्यापीठात आल्यावर आपणही तेच करू लागलो तर लेख कोणावर लिहायचा?

एचआयव्हीसह जगणाऱ्यांनी स्वतःच्या संघटना स्वतः चालवल्या. २०१७चा कायदा, त्यातला तक्रार अधिकारी आणि लोकपाल, हे त्यांच्या दीर्घ रेट्याशिवाय झाले नसते. समितीत निम्म्याहून जास्त जागा रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्या बायका यांच्या असाव्यात, आणि सही करण्याचा अधिकारही त्यांचा. आपले काम अर्ज लिहिण्याचे, नियम शोधण्याचे, शेजारी उभे राहण्याचे. डॉक्टर चूक की बरोबर, कोणते औषध घ्यावे, हे सांगण्याचे नाही. ती मर्यादा भिंतीवर लिहून ठेवा, कारण गर्दीत आपल्यालाच तिचा विसर पडतो.

मला माहीत आहे, यावर आक्षेप काय येणार. माणूस मरणाच्या दारात असताना शिक्का घेत बसायचे का? साहेबाच्या फोनने खाट मिळत असेल तर का घेऊ नये? घ्या. मावशीच्या जागी मी असते तर मीही हात जोडले असते. जीव वाचवण्यासाठी कोणी चिठ्ठी घेतली म्हणून तिला तत्त्व शिकवायला जाणारा माणूस क्रूर आहे. पण केंद्राने चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली की ते साहेबाची शाखा होते. खाट मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज करा की काल रात्री खाट असताना ती का नाकारली. रुग्णसेवकाचे काम खाट मिळाली की संपते. आपले तिथून सुरू होते.

मावसभाऊ आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वारंवार रक्तपुरवठा तुटल्याने त्याच्या डाव्या खुब्याचे हाड झिजले आहे, काठी घेऊन चालतो. मागच्या महिन्यात तो एकटा त्याच रुग्णालयात गेला. रक्तासाठी त्याच्याकडे प्रक्रिया शुल्क मागितले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णांकडून ते घ्यायचे नसते, हे त्याला माहीत होते. त्याने मला फोन केला नाही. खिडकीसमोर उभे राहून अर्ज लिहिला, दोन प्रतींत. कारकून म्हणाला, ठेवून जा. तो म्हणाला, "पोच द्या." काठीला टेकून तो चाळीस मिनिटे तिथेच उभा राहिला.

शिक्का पुसट उमटला आहे, तारीख मात्र वाचता येते. त्या कागदाचा फोटो त्याने मला पाठवला. केंद्र पुन्हा सुरू करायचे आहे. या वेळी फलकावर माझा नंबर नसेल, आणि समितीचे पहिले नाव त्याचे असेल.

जय भीम.